लेकीची ‘निवड’ झाली, पण केली कुणी?

पत्र असं आहे :

“माझी मुलगी नववीत आहे. गेल्या आठवड्यात तिला ईमेल आला की दिल्लीतल्या चार दिवसांच्या युवा नेतृत्व परिषदेसाठी तिची निवड झाली आहे. शुल्क 78 हजार, पण शिष्यवृत्ती मिळून तिला 38,500 भरायचे आहेत, तेही शुक्रवारपर्यंत. प्रवास वेगळा, शिवाय ब्लेझर लागेल. वर्गशिक्षिका म्हणाल्या, असं सर्टिफिकेट पुढे कामी येतं. तिचे पप्पा म्हणतात, पैसे उकळायचे धंदे आहेत. या महिन्यात माझी भिशी लागणार आहे, 40 हजारांची, म्हणजे सोय होईल. मुलगी दोन दिवस नीट जेवलेली नाही. तशी हुशार आहे, फक्त नको त्या गोष्टींत फार पडते. मागच्या महिन्यात शाळा सुटायची वेळ बदलली आणि आमच्या गावाची एसटी चुकायला लागली, तर हिने 31 मुलींच्या सह्या घेऊन डेपोत अर्ज नेऊन दिला. अभ्यास सोडून असले उद्योग! मला नववीत असताना सहलीलाही पाठवलं नव्हतं, म्हणून वाटतं हिला तरी पाठवावं. काय करू?
– एक आई, सांगली जिल्हा”

प्रिय ताई,

हे छापून येईपर्यंत तो शुक्रवार उलटून गेलेला असेल, म्हणून ‘पैसे भरू नका’ एवढं तुम्हाला आधीच कळवलं होतं. दरम्यान ‘खास तुमच्यासाठी मुदत वाढवली आहे’ असा दुसरा ईमेल येऊन पडला असेल, तर मला नवल वाटणार नाही. आता बाकीचं सविस्तर.

तुमच्या पत्रात ‘निवड’ हा शब्द आहे, त्याच्यापाशी मी बराच वेळ अडकले. दहा जणांतून एकाला उचलायचं, तर त्या दहांकडे कुणीतरी पाहिलेलं असावं लागतं. दिल्लीतल्या त्या माणसांनी तुमच्या लेकीला कुठे पाहिलं? ती बोलताना ऐकली? तिचं लिहिलेलं वाचलं? तिला विचारून बघा. बहुतेक एखाद्या ऑलिम्पियाड परीक्षेच्या फॉर्मवर किंवा ऑनलाइन क्विझला तिने ईमेल आयडी भरलेला असेल. असे पत्ते पुढे कुठे कुठे जातात हे आपल्याला कळतही नाही. आणि 78 हजारांचे 38,500 होणं ही शिष्यवृत्ती कसली, साडीच्या दुकानातला सेलच तो. ज्या शिष्यवृत्तीसाठी काही सिद्ध करावं लागलं नाही, ती मूळ किमतीतच धरलेली असते.

पण म्हणून तुमच्या मिस्टरांचं सगळं बरोबर असं मी म्हणणार नाही. मुलांसाठी नेतृत्वाची शिबिरं, परिषदा हा प्रकार मुळात खोटा नाही. त्याची मुळं पाहिली तर उलट चांगली आहेत. अमेरिकेत ह्यू ओब्रायन नावाचा नट होता, टीव्हीवर काउबॉयची कामं करायचा. 1958 साली तो आफ्रिकेत लांबारेनेला डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर यांच्या दवाखान्यात नऊ दिवस राहिला आणि परत येऊन त्याने शाळकरी मुलांसाठी नेतृत्व शिबिरं सुरू केली. त्यात मुलांची नावं शाळेकडून यायची. म्हणजे मुलाला वर्षभर डोळ्यांसमोर पाहिलेला कुणी शिक्षक सांगायचा, हा पाठवा, किंवा ही पाठवा.

रोटरीचं ‘रायला’ शिबिरही तसंच. 1959 मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या शताब्दीला राजकुमारी अलेक्झांड्रा आली होती. तिला भेटायला तरुण मुलामुलींना गोळा केलं होतं, त्यांची बडदास्त ठेवायचं काम रोटरीवाल्यांकडे आलं. ती मुलं बघून यांना वाटलं, दरवर्षी असं का करू नये? 1971 मध्ये रोटरी इंटरनॅशनलने तो कार्यक्रम जगभर आपला म्हणून घेतला. तिथेही गावातला क्लब मुलं निवडतो आणि बहुतेक ठिकाणी खर्चाचा मोठा भाग क्लबच उचलतो. निवडणाऱ्याच्या खिशाला चाट बसते तेव्हा तो नीट बघून निवडतो. तुमच्या ईमेलमध्ये चाट फक्त तुमच्या भिशीला आहे.

हे सगळं मी शहाणपणाने सांगतेय असं समजू नका. 28 वर्षं शाळेत शिकवलं, आणि एकदा मी स्वतः सहा मुलं अशाच एका ठिकाणी घेऊन गेले होते. तीन दिवस, झकपक हॉटेल, माणशी नऊ हजार. सकाळी एक वक्ता यायचा आणि मुलांना उभं करून ‘मी करू शकतो’ असं ओरडायला लावायचा. दुपारी दुसरा यायचा, तोही तेच. तिसऱ्या दिवशी सहाही जणांना ‘बेस्ट यंग लीडर’ची ट्रॉफी मिळाली. मला अभिमानाने भरून आलं. मग बाहेर लॉबीत आलो तर तिथल्या अडीचशे मुलांच्या हातांत अडीचशे ट्रॉफ्या. तरी मी परत येऊन शाळेच्या फलकावर फोटो लावला, प्रार्थनेनंतर टाळ्या वाजवून घेतल्या. त्यातल्या एका मुलाच्या वडिलांनी ते नऊ हजार पतसंस्थेतून काढले होते, हे मला वर्षभराने कळलं. तुमच्या वर्गशिक्षिकांना म्हणूनच मी फार बोल लावत नाही.

आता दुसरी बाजू. पुण्यातल्या एका शाळेतल्या एमयूएनला मी दहावीची एक मुलगी घेऊन गेले होते. एमयूएन म्हणजे मॉडेल युनायटेड नेशन्स, संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीची नक्कल. मुलं त्याला नुसतं ‘मन’ म्हणतात, आणि ‘मनला चाललोय’ हे वाक्य ऐकून आमच्या शिपाईमामांची बरीच करमणूक व्हायची. नेदरलँड्समध्ये हेगला ही परिषद 1968 पासून भरते. आपल्याकडे आता गल्लोगल्ली आहे. कुठलीही शाळा, कॉलेज, कंपनी ती भरवू शकते, त्याला खऱ्या संयुक्त राष्ट्रांची परवानगी लागत नाही, म्हणून नुसत्या नावाला भुलायचं कारण नाही. प्रत्येकाला एक देश मिळतो आणि त्या देशाची बाजू मांडायची असते. आमच्या मुलीला नॉर्वे मिळाला होता, विषय समुद्रातल्या प्लास्टिकचा. सेमी इंग्रजीतली मुलगी, तालुक्याची शाळा, शुल्क 1,800 रुपये. ब्लेझर मावसबहिणीचा, बाह्या आतून दुमडून टाके घातलेले.

पहिल्या दिवशी तिच्या नॉर्वेची पाटी एकदाही वर गेली नाही. पुण्यामुंबईची पोरं ‘पॉइंट ऑफ ऑर्डर’ म्हणत फाडफाड बोलत होती आणि ही वहीत लिहीत होती. दुसऱ्या दिवशी बैठक मोडून मुलं गटागटाने उभी राहतात आणि ठरावाचा मसुदा करतात, ती वेळ आली. सगळे बोलत होते, लिहीत कुणीच नव्हतं. हिने एकाचा लॅपटॉप ओढला आणि बसली. 11 कलमं लिहिली, एकटीने. कुणी काय म्हणालं होतं ते हिच्याच वहीत होतं ना! ठराव मंजूर झाला. वाचून दाखवला एका उंच मुलाने, मांडणाऱ्यांच्या यादीत तीन मुलांची नावं आणि आमची नॉर्वे खाली पाठिंबा देणाऱ्यांत. बक्षीस अर्थातच त्या उंच मुलाला.

परतीला कोयना एक्सप्रेसमध्ये ती खिडकीला टेकून गप्प बसली होती. मी म्हटलं, रडायचं असेल तर रड. सातारा मागे पडल्यावर म्हणाली, “मॅडम, लिहून झाल्यावर मी लॅपटॉप परत दिला. तिथेच चुकलं.”

नागरिकशास्त्राचे माझे सगळे तास एका पारड्यात टाकले तरी ते वाक्य जड जाईल. ते तिला कुठल्याही वक्त्याने सांगितलेलं नव्हतं. अनोळखी मुलांत, परक्या भाषेत, खरोखरच काहीतरी हातून करताना ते तिला लागलं. परिषदेत मिळण्यासारखं जे असतं ते असं मिळतं, आणि ते दोन हजारांत मिळालं काय नि चाळीस हजारांत मिळालं काय, सारखंच. मात्र तिथे मुलांच्या हाताला काम हवं. चारही दिवस खुर्चीत बसून ऐकायचं असेल तर ते यूट्यूबवर फुकट आहे.

तुमच्या लेकीला इंग्रजीची धास्ती असेल तर एक सांगते. बऱ्याच एमयूएनमध्ये एक समिती लोकसभेची किंवा सर्वपक्षीय बैठकीची असते, तिथे हिंदी चालतं. सांगली, कोल्हापूर, पुण्याकडे एखादी असेल तर एका मैत्रिणीला घेऊन जाऊ द्या. एकटीने मात्र नको, पहिल्या वेळी तरी.

सर्टिफिकेटचं थोडक्यात. अकरावीचा प्रवेश दहावीच्या गुणांवर, इंजिनिअरिंगचा सीईटी किंवा जेईईवर, मेडिकलचा नीटवर. तिथे ही लॅमिनेट केलेली कागदं कुणी उघडूनही बघत नाही. परदेशी कॉलेजं बघतात, पण ती काय बघतात तेही ऐका. अमेरिकेतल्या शेकडो कॉलेजांना चालणारा ‘कॉमन ॲप’ नावाचा अर्ज असतो. त्यात शाळेबाहेर काय केलं हे सांगायला दहा रकाने असतात, आणि एकेका कामाच्या वर्णनाला फक्त 150 अक्षरं. ‘दिल्लीच्या परिषदेला हजर होते’ एवढं लिहिलं की त्या रकान्यात पुढे सांगण्यासारखं काही उरत नाही. आणि तिच्या मनात एनडीए, म्हणजे सैन्यातले अधिकारी घडवणारी प्रबोधिनी असेल (2022 पासून मुलींनाही तिथे घेतात), तर एसएसबीत, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या चाचणीत पाच दिवस काढावे लागतात. तिथे गटाला फळ्या, दोर आणि लाकडी ओंडके देऊन अडथळा ओलांडायला सांगतात आणि साहेब लोक बाजूला उभे राहून नुसते बघतात, कोण काय करतंय ते.

आणि आता तो अर्ज.

ताई, तुम्ही ‘असले उद्योग’ म्हणून एका ओळीत उरकलंत, पण मी ती ओळ तीनदा वाचली. शाळा सुटायची वेळ बदलली, एसटी चुकायला लागली. पुढची गाडी किती वाजता ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण खेडेगावात पाचची गेली की सहाला दुसरी येत नाही हे आपण जाणतो. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत असतो, पण खिशात पास असून गाडी गेलेली असेल तर त्या पासाचं करायचं काय? 31 मुली रोज अंधार पडेपर्यंत स्टँडवर बसत असतील. त्यांच्या घरचे म्हणाले असतील, बघू. शाळा म्हणाली असेल, बघू. हे माझे अंदाज, पण चुकीचे निघाले तर सांगा. आणि 14 वर्षांच्या एका मुलीने वही काढली, एकेकीकडे जाऊन सही घेतली. त्यातल्या दोघी-तिघी नक्की म्हणाल्या असतील, ‘आमच्या घरी ओरडतील, आमची नको.’ त्यांनाही तिने पटवलं. मग मोठ्या माणसाच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

दिल्लीत चार दिवसांत जे शिकवायचं म्हणतात ते तिने तुमच्या तालुक्याच्या स्टँडवर करून दाखवलंय, तेही बिनब्लेझरचं. तिला बाहेर कुठे पाठवायचं तर तिला हे करताना ज्याने पाहिलंय, त्याने पाठवावं. तिच्या मुख्याध्यापकांनी, त्या 31 मुलींतल्या कुणाच्या पालकाने. या घडीला तिला खरोखर निवडलंय ते त्या मुलींनी. अर्जावर सगळ्यात वर कुणाची सही आहे ते बघा.

मग पाठवायचं कुठे? तालुक्याच्या गावी बहुधा रोटरी क्लब असतो, त्यांच्या अध्यक्षांना शाळेमार्फत भेटा आणि यंदाच्या रायला शिबिराचं विचारा. त्यांचे शाळकरी मुलांसाठी ‘इंटरॅक्ट’ क्लबही असतात. 1962 मध्ये पहिला निघाला अमेरिकेत फ्लोरिडाला आणि दुसरा आपल्याकडे तमिळनाडूत, तंजावरला. म्हणजे हे काही आपल्याला परकं नाही. शाळेत इंटरॅक्ट नसेल तर सुरू करायची खटपट तुमची लेक करेल, मला शंका नाही. एनसीसी असेल तर तिथे घाला. दिल्लीच बघायची असेल तर एनसीसीची मुलं प्रजासत्ताक दिनाच्या शिबिराला जवळपास महिनाभर दिल्लीत राहतात, सरकारच्या खर्चाने. त्यासाठी मात्र एकापाठोपाठ एक चाळण्यांतून जावं लागतं, आणि दर चाळणीला कुणीतरी तिला प्रत्यक्ष बघतं.

मला मनापासून आवडणारी जागा वेगळीच आहे. चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला बाबा आमटेंनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी दरवर्षी मे महिन्यात 15 ते 22 तारखेपर्यंत भरते. सकाळी घमेली-फावडी, दुपारनंतर व्याख्यानं, गाणी आणि रात्रीपर्यंत गप्पा. विदर्भातल्या मेमधलं ऊन, तेव्हा गंमत नाही. वयाची अट काय आहे ते विचारून घ्या, यंदा नाही तर पुढच्या वर्षी. राष्ट्र सेवा दलाची शिबिरं तर 1941 पासून चालत आलीत. तुमच्या भागात सेवा दलाचं कुणी ना कुणी जुनं माणूस सापडेलच.

तिला नाही कसं सांगायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण दोन दिवस न जेवलेल्या मुलीला ‘ते लोक फसवे आहेत’ म्हणून तोडू नका. मग तिच्या कानात ‘तुझी निवड खोटी होती’ एवढंच उरतं. तिलाच फोन करू द्या, स्पीकरवर, तुम्ही शेजारी बसा. माझं नाव कुणी सुचवलं हे विचारू दे. चार दिवसांत सकाळपासून रात्रीपर्यंत आम्ही काय काय करणार, मुली किती, रात्री मुलींच्या मजल्यावर बाई कोण असणार, आजारी पडून येता आलं नाही तर पैसे परत मिळतात का, आणि गेल्या वर्षी आमच्या भागातून कोण आलं होतं त्यांच्या आईशी बोलता येईल का. पलीकडचा माणूस शांतपणे उत्तरं देतो की ‘सीट्स भरत चालल्यात’ म्हणतो, ते तिचं तिला ऐकू येईल. चांगले आयोजक अशा प्रश्नांना वैतागत नाहीत. उत्तरं खरंच नीट आली, तर मला परत लिहा, मी माझं मत बदलेन.

भिशीचं काय, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण सहलीला न पाठवल्याचं तुम्ही लिहिलंय ते वाचून मला राहवत नाही. लेकीच्या दिल्लीवर 40 हजार घालण्याऐवजी त्यातले थोडे काढून दोघी चार दिवस कुठेतरी जाऊन या. पप्पांना घरी ठेवा, कुकर लावता येतो ना त्यांना? दिल्लीच बघायची तर दिल्लीच बघा. सांगलीहून निजामुद्दीनला रेल्वे जाते. तिला तिकिटं काढू द्या, नकाशा तिच्या हातात द्या, चुकली तर चुकू द्या.

अर्जाचं शेवटी तुम्ही काहीच लिहिलं नाही. डेपोने काय उत्तर दिलं? बहुतेक ‘बघतो’ म्हणाले असतील आणि कागद कुठल्याशा फायलीत गेला असेल. गाडीची वेळ पंधरा-वीस मिनिटं पुढे घेणं तसं अवघड नसतं, पण कुणीतरी पाठीला लागावं लागतं. तेव्हा आज ती घरी आली की आधी तिला गरम काहीतरी खायला द्या आणि मग विचारा, अर्जाची दुसरी प्रत नेली होती का, आणि तिच्यावर शिक्का आणि आवक क्रमांक घालून पोच घेतली का. घेतली नसेल, तर सोमवारी परत जावं लागेल. या वेळी तुम्ही तिच्याबरोबर जा.

तुमची,
ताई